कंट्री गाण्यांतून आजी-आजोबांचा काळ कसा ऐकावा

कंट्री संगीत म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना कॉलेजच्या सहलीत गिटारवर म्हटले जाणारे एखादे गाणे आठवते, फार तर रुंद काठाची टोपी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतल्या टेनेसी, केंटकी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या डोंगराळ पट्ट्यात मात्र ही गाणी घरातल्या माणसांच्या नावांशी जोडलेली असतात. पूर्व टेनेसीत शिकत असताना मी दोन वर्षे ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेऊन राहिले होते. त्यांच्या स्वयंपाकघरातला रेडिओ शनिवारी संध्याकाळी लागला की भांडी विसळता विसळता त्यांचा हात थांबायचा आणि मग कुठल्याशा मावशीची, मक्याच्या पिठाची किंवा वाहून गेलेल्या पुलाची गोष्ट निघायची. ती निघते कशी, आणि जिचे आजी-आजोबा त्या डोंगरांत कधीच नव्हते अशा माझ्यासारख्या परक्या श्रोत्यानेही ती ऐकावी कशी, याची जी रीत मला तिथे उमगली ती येथे देत आहे.

सुरुवात गाण्यांपासून न करता वर्षांपासून करावी. साधारण दहा ते तीस या वयात घडलेल्या गोष्टी माणसाला उतारवयात अधिक ठळकपणे आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळलेले आहे आणि गाण्यांच्या बाबतीत ते विशेषच खरे ठरते. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याहून एक पाऊल पुढची गोष्ट दिसली: विशीतल्या मुलामुलींच्या आठवणी केवळ त्यांच्या स्वतःच्या काळातल्या गाण्यांना चिकटलेल्या नव्हत्या, तर आईवडिलांच्या तरुणपणी गाजलेल्या गाण्यांनाही चिकटलेल्या होत्या. ज्या घरात गाणे मोठ्याने वाजते त्या घरातली मुले आधीच्या पिढीचे वय जणू उसने घेतात, असा त्याचा अर्थ मी लावते. म्हणून ज्यांच्याजवळ बसून ऐकायचे आहे त्यांच्या जन्मसालात दहा मिळवावेत, तिथपासून पुढची वीस वर्षे कागदावर लिहावीत आणि त्याखाली त्यांच्या आईची तशीच वर्षे मांडावीत. माझ्या घरमालकीण बाई १९२८ च्या. त्यामुळे एका ओळीत १९३८ ते १९५८ आले, आणि दुसऱ्या ओळीत विसाव्या शतकाचे दुसरे आणि तिसरे दशक. दुसरी ओळ अनेकजण सोडून देतात, पण आजी नावाचे माणूस सापडते ते बहुधा तिथेच.

त्या दुसऱ्या ओळीसाठी १९२७ पासून ऐकावे. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी काम करणारे राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन ब्रिस्टल या गावी आले. या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची हद्द जाते. टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत त्यांनी सामान मांडले आणि सुमारे दोन आठवड्यांत डोंगरातली कितीतरी माणसे तिथे येऊन गाऊन गेली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि त्यांची अठरा वर्षांची गरोदर भावजय मेबेल हे तिघे आले, आणि त्यांच्यामागोमाग दोनच दिवसांनी मिसिसिपीचा जिमी रॉजर्स आला, जो रेल्वेत ब्रेक लावण्याचे काम करत असे आणि ज्याला तेव्हाच क्षय झालेला होता. पुढे १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये अखेरची गाणी मुद्रित करताना दोन गाण्यांच्या मध्ये त्याला खाटेवर पडून राहावे लागत होते, आणि त्यानंतर काही दिवसांतच तो गेला.

या मुद्रिकांमधली खरखर प्रथम कानाला टोचते. ती काढून टाकलेली, घासूनपुसून चकचकीत केलेली आवृत्ती शोधू नये. त्याऐवजी आवाज थोडा कमी ठेवून एकाच वाद्यावर कान ठेवावा. मेबेल कार्टर खर्जाच्या जाड तारांवर अंगठ्याने चाल वाजवते आणि त्याच वेळी वरच्या तारांवर बोटांनी ठेका धरते, त्यामुळे एकच गिटार दोन माणसांचे काम करते. हे कानाला एकदा कळले की बाकीचे आपोआप सुटे होते: साराचा सपाट, न सजवलेला आवाज आणि मध्येच येऊन निघून जाणारा ए. पी. यांचा पुरुषी स्वर. रडणे त्यात कुठेच नाही, आणि हे लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

दुसरी तयारी रेडिओची. नॅशव्हिलच्या डब्ल्यू.एस.एम. केंद्रावरून २८ नोव्हेंबर १९२५ रोजी सुरू झालेला शनिवारचा कार्यक्रम पुढे ग्रँड ओल ऑप्री या नावाने प्रसिद्ध झाला. १९३२ मध्ये या केंद्राची ताकद पन्नास किलोवॅट झाली आणि मध्यम लहरी रात्री आकाशातून परतून दूरवर पोहोचत असल्यामुळे ६५० च्या आकड्यावर हा कार्यक्रम कितीतरी राज्यांत ऐकू जाऊ लागला. आपल्याकडे ज्यांनी रात्री खरखरीतून स्टेशन शोधण्यासाठी चकती फिरवली आहे त्यांना यातली मजा वेगळी सांगायला नको. मात्र १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या शेतावरच्या घरांपैकी जेमतेम दहा टक्के घरांत वीज होती, म्हणजे रेडिओ असलाच तर तो बॅटरीवर चाले आणि ती बॅटरी आठवडाभर जपून ठेवावी लागे. म्हणून या काळची गाणी ऐकताना ती एकामागून एक चाळीस लावू नयेत. तीन लावावीत आणि बंद करावे. बाई असेच करत, आणि वीज असूनही करत.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या हलाखीत मुद्रित झालेली गाणी हलाखीबद्दल थेट फारसे बोलतच नाहीत. १९३३ मध्ये देशातला जवळपास दर चौथा कामगार बेकार होता, ओक्लाहोमात शेतांची माती उडून जात होती, आणि तरीही तेव्हाच्या रेकॉर्डींवर आहेत त्या निघून गेलेल्या गाड्या, वारलेली आई, जुने घर आणि पैलतीरावरचा स्वर्ग. अपवाद आहेत. कार्टर कुटुंबाने १९३६ साली स्वर्गात मंदी नसते असे सरळ नाव घेऊन गायले. पण पीठ संपले, बूट फाटले, पाणी घरात शिरले असे तपशील गाण्यात आले ते बहुतांशी पंचवीस-तीस वर्षांनी, आणि ते गायले त्या काळी लहान असलेल्या मुलांनी, ज्यांच्या हाती तोवर बरे दिवस आले होते. आजी-आजोबा ऐकायचे असतील तर म्हणून एकटे गाणे ऐकू नये, जोडी लावावी: एक त्या काळातले आणि एक त्या काळाच्या आठवणीचे. पहिल्यात जे बोलले जात नाही ते दुसऱ्यात ऐकू येते, आणि दुसऱ्यात जे थोडे गोड होते ते पहिले गाणे जागेवर आणते.

जोडीतल्या दुसऱ्या गाण्यासाठी तीन नावे पुरेशी आहेत. जॉनी कॅश १९३२ चा. सरकारने मंदीत कंगाल झालेल्या शेतकऱ्यांसाठी आर्कान्सात वसवलेल्या डायस नावाच्या वसाहतीत, वीस एकरांच्या कापसाच्या शेतावर तो वाढला आणि कार्टर कुटुंबाला त्याने लहानपणी रेडिओवर ऐकले होते. १९३७ च्या पुरावर त्याने १९५९ मध्ये केलेल्या गाण्यात पाणी किती चढले हे दर कडव्याला विचारले जाते आणि दर वेळी ते एक फुटाने वाढलेले असते. लोरेटा लिन हीदेखील १९३२ ची, केंटकीतल्या बुचर हॉलो या घळीतली, खाणकामगाराच्या आठ मुलांपैकी दुसरी. डॉली पार्टन १९४६ ची, बारा भावंडांतली चौथी, जिच्या बाळंतपणाची फी डॉक्टरांना मक्याच्या पिठाच्या पोत्याच्या रूपाने दिली गेली. १९७१ च्या तिच्या प्रसिद्ध गाण्यात आईने चिंध्या जोडून शिवलेला कोट आहे. ज्यांना गोधडी म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यांना त्या कोटाचे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

कॅशचे पुराचे गाणे लावून ही रीत प्रत्यक्ष करून पाहावी. पहिल्या ऐकण्यात अर्थाच्या मागे लागू नये, फक्त वस्तू आणि जनावरे टिपावीत. मधमाश्यांची पोळी गेली, कोंबड्या झाडावर चढल्या, गाय गुडघ्यांच्या वर पाण्यात, घरी बनवलेली होडी, शेतातले धान्य बुडाले. दुसऱ्या ऐकण्यात प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर कोण देते ते पाहावे, कारण सबंध गाण्यात कोणीही घाबरलो असे म्हणत नाही, केवळ मोजमाप सांगितले जाते. तिसऱ्यांदा ऐकताना आपल्या घरातली एक वस्तू आठवून तिच्याबद्दल तसेच मोजमापाचे वाक्य लिहावे. जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या कानावर पडल्या आहेत त्यांना हे अवघड जाणार नाही. तिथेही दुःख नावाने येण्याऐवजी दळण, पाटी आणि माहेरची वाट यांच्या आडून येते.

यानंतर वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे. येथे माझी पहिली चूक सांगते. कार्टरांचे एक गाणे चालू असताना मी बाईंना मध्येच विचारले, की तो काळ फार कठीण होता का. त्या "सगळ्यांचेच तसे होते" एवढे बोलून ओट्याकडे वळल्या आणि त्या संध्याकाळी पुढे काही निघाले नाही. असा प्रश्न विचारला की माणूस एक तर तक्रार नको म्हणून गप्प होतो किंवा पाठ केल्यासारखे दोन वाक्ये बोलतो. गाणे पूर्ण होऊ द्यावे, थोडी शांतता राहू द्यावी आणि मग वस्तूबद्दल विचारावे: बॅटरी कोण आणायचे, रेडिओ कुठल्या भिंतीला होता, त्या रात्री जेवणात काय होते. फोनवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर परवानगी घेऊन फोन टेबलावर उघडा ठेवावा, त्यांच्या तोंडासमोर धरू नये. त्या रडल्या तर लगेच गाणे बदलू नये, पाणी द्यावे आणि पुढे ऐकायचे की थांबायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.

"आमची गाणी" असे कोणी म्हटले की ती त्यांना कोणी शिकवली हेही विचारावे, कारण रेकॉर्ड कंपन्यांनी १९२० च्या दशकात गोऱ्या आणि काळ्या गायकांच्या याद्याच वेगळ्या केल्या आणि घराघरांतली आठवण पुढे त्याच याद्यांप्रमाणे वाटली गेली. बँजो या गिटारसारख्या तंतुवाद्याचे मूळ आफ्रिकेत आहे. ए. पी. कार्टर डोंगरांत गाणी गोळा करत हिंडत तेव्हा शब्द ते लिहून घेत आणि चाली लक्षात ठेवत लेस्ली रिडल, जे कृष्णवर्णीय वादक होते आणि ज्यांचा एक पाय अपघातात गेला होता. पुढे नामांकित कंट्री गायक झालेल्या हँक विल्यम्सला लहानपणी अलाबामात गिटार शिकवले ते रूफस पेन या कृष्णवर्णीय वादकाने. ऑप्रीच्या सुरुवातीच्या लोकप्रिय कलावंतांत माउथऑर्गन वाजवणारे कृष्णवर्णीय डीफोर्ड बेली होते. बाईंना हे विचारले तेव्हा त्यांना आठवला तो रेल्वेफाटकाजवळ बसून वाजवणारा एक माणूस, ज्याचे नाव त्यांच्या घरात कोणालाच माहीत नव्हते, आणि हे सांगून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आजोबांना जुन्या चांगल्या दिवसांची गोष्ट सांगायला लावणारे, जड्स या मायलेकींचे १९८६ सालचे गाणे मुद्दाम सर्वांत शेवटी ऐकावे. गाणे सुरेख आहे, पण ते नातवंडांचे गाणे आहे. ते आधी ऐकले की नंतरच्या प्रत्येक गाण्यातली गरिबी साधी, सुंदर आणि सुखी वाटू लागते, आणि ज्यांच्या वडिलांची फुफ्फुसे कोळशाने भरली त्यांना ती तशी वाटत नव्हती.

जे ऐकायला मिळेल ते त्याच रात्री, त्यांच्याच शब्दांत, तारीख आणि गाण्याचे नाव घालून वहीत उतरवावे. माझ्या वहीतली सर्वांत मोठी नोंद पिठाच्या पोत्यांची आहे. त्या काळी पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य छापील सुती पोत्यांत येत असे आणि रिकाम्या पोत्यांचे मुलींना फ्रॉक शिवत. बाईंना फ्रॉकला एकाच नक्षीची दोन पोती लागत, म्हणून वडील दुकानात निघाले की निळ्या फुलांचे पोते खालच्या थरात असले तरी काढून घ्या, असे त्या त्यांना बजावत. हे सांगून त्यांनी कपाटातून त्याच निळ्या फुलांच्या कापडाचा उशीचा अभ्रा आणून माझ्या हातात दिला, आणि कडेवरून बोट फिरवल्यावर पोत्याच्या मूळ शिवणीची भोके ओळीने लागली. मी विचारले, की मग ती शिवण उसवल्यावर दोरा कुठे गेला. त्यांनी ओल्या हातानेच रेडिओखालच्या विणलेल्या रुमालाकडे बोट दाखवले.