हळव्याच्या खाचरात उंच गुलाबी टोमॅटो

उंच वाढणाऱ्या गुलाबी टोमॅटोचे बी हल्ली कोकणात बऱ्याच जणांच्या हाती येते. कुणाचा मुलगा मुंबईहून आणतो, कुणी कुरिअरने मागवतो. बी रुजते, रोप कमरेला लागते, आणि फुलोऱ्यात आल्या आल्या एका दुपारी हिरवेगार झाड मान टाकते. दुसऱ्या दिवशी शेजारचे. मग बियाण्याला शिव्या बसतात. बहुतेक वेळा चूक बियाण्याची नसते, जागेची असते.

ही जिवाणूजन्य मर. आपली जांभी माती आम्लधर्मी, वर दमट उबदार हवा, त्यामुळे हा जिवाणू इथे चांगलाच माजतो. ओळखायला सोपा आहे. मेलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत तिरके कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. दोन-चार मिनिटांत कापातून दुधट धागे खाली उतरू लागले तर मर नक्की. त्यावर फवारणी नाही, औषध नाही. झाड मातीसकट उपटून लांब न्यायचे आणि जाळायचे, एवढेच हाती उरते.

म्हणून टोमॅटो परसात, वांगी-मिरचीच्या जुन्या वाफ्यात लावू नका. तिन्ही एकाच कुळातली, आणि जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो. मी पहिल्या वर्षी विहिरीलगत, आदल्या साली मिरची होती तिथेच चाळीस रोपे लावली. पाणी जवळ पडते एवढाच विचार केला होता. नाताळपर्यंत सहा उरली. पुढच्या वर्षी तीच जात हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताच्या खाचरात लावली आणि तिथे मर जवळजवळ दिसलीच नाही. भातात चार महिने पाणी उभे राहते, त्यात या जिवाणूचा जोर बराच ओसरतो. हळवे दसऱ्याच्या आसपास कापून होते, म्हणजे टोमॅटोला वेळेवर जागा मिळते. गरव्याच्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताच्या मळ्या उशिरा मोकळ्या होतात आणि ओलही फार धरतात, त्या नकोत. एक पाहून ठेवा: वरच्या अंगाला कुणाचा वांग्याचा मळा असेल आणि त्याचे पाणी तुमच्या खाचरात उतरत असेल, तर मरही त्याच पाण्याबरोबर येते.

जागा ठरली की तारीख. टोमॅटोचे फळ धरायला रात्री १५ ते २० अंशांच्या आसपास हव्यात. दिवस ३५ च्या वर आणि रात्री २४-२५ च्या खाली उतरत नसतील तर फुले देठातून गळतात. आंब्याला मोहोर आणणारी जी थंडी, तीच टोमॅटोची थंडी, आणि आपल्याकडे ती फार दिवस राहत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापेक्षा लांजा, संगमेश्वर, दापोलीच्या आतल्या भागात रात्री जास्त गार असतात. किनाऱ्यावरच्यांनी म्हणून एक आठवडाही वाया घालवू नये. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बी टाका, २५ दिवसांची रोपे ऑक्टोबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत शेतात जाऊ द्या. मोठ्या फळाच्या गुलाबी जाती लागवडीपासून पिकायला अडीच-तीन महिने घेतात. डिसेंबरात लावलेल्या झाडाचे पुढचे घोस मार्चच्या उकाड्यात सापडतात आणि झाड नुसते माजते.

रोपे ट्रेमध्ये करा. वर प्लॅस्टिकचे छप्पर हवे, कारण परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो. चारी बाजूंनी बारीक जाळी लावा, म्हणजे पांढरी माशी आत शिरत नाही. पाने आकसून गोळा होण्याचा रोग, म्हणजे पर्णगुच्छ, तीच आणते, आणि रोपवाटिकेत लागण झालेले झाड पुढे कधी सुधारत नाही. एका गुंठ्याला दोन ओळींत ३ फूट आणि दोन झाडांत २ फूट धरले तर १८० च्या आसपास रोपे लागतात. ग्रॅमभर बियात हे सहज भागते.

खाचर नांगरून गादीवाफे उंच करा. निदान फूटभर, कारण भाताच्या जमिनीत खाली पाणी तुंबते. गुंठ्याला २०० किलो कुजलेले शेणखत पुरे. चुना किती घालायचा ते माती तपासूनच ठरवा. आम्ल जास्त असेल तर लागवडीच्या तीन आठवडे आधी चुना मिसळा, शेणखत त्यानंतर. दोन्ही एकदम टाकले तर खतातले नत्र हवेत उडून जाते. चुलीची राख चालते, पण पोतीच्या पोती ओतू नका.

आता या झाडाचा मूळ स्वभाव. बुटक्या जातीचा शेंडा फुलावर येऊन थांबतो, याचा थांबत नाही. सहा-सात फूट सहज जाते. त्याला आधार लावणीच्याच दिवशी द्यायचा, कारण नंतर काठी रोवली की मुळे तुटतात आणि त्या जखमांतून मर आत शिरते. माणगा बांबूची आठ फुटी काठी उत्तम, सरळ आणि बिनकाट्यांची. टोकाला डांबर फासून दीड फूट रोवा, नाहीतर वाळवी एका हंगामात खाऊन टाकते. झाड काठीला आवळून बांधू नका. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या आठच्या आकड्यासारख्या फिरवून बांधल्या की खोडाला काच बसत नाही.

पानाच्या बगलेत येणारे फुटवे दर आठवड्याला काढा. एक मुख्य खोड, फार तर पहिल्या घोसाखालचा एक फुटवा, बाकी सगळे खुडून टाका. बोटाएवढे असताना सकाळी हाताने मोडावेत, कोयता-कात्री लावू नये. एका झाडाचा रोग पात्याबरोबर दुसऱ्यावर जातो. आणि तंबाखू मळणाऱ्यांनी आधी साबणाने हात धुवावेत. हा उपदेश व्यसनमुक्तीचा नाही. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावरून थेट टोमॅटोवर उतरतो. पाच-सहा घोस धरले की जानेवारीअखेर शेंडा मोडा. एका घोसात तीन-चारच फळे राखा. जीव होत नाही, मला माहीत आहे, पण आठ फळे ठेवलीत तर आठही लिंबाएवढी राहतात.

दहिवर सुकल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास काठीला बोटाने टिचक्या मारत ओळीतून एक फेरी घाला. दमट हवेत परागकण चिकटून बसतात, हादऱ्याने सुटतात.

पाणी रोज थोडे किंवा एकाआड एक दिवस, पण नेमाने. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम पाट सोडला तर पातळ सालीची ही फळे देठाजवळून तडकतात. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तोही बहुधा अशाच अनियमित पाण्यामुळे. मातीत कॅल्शियम असूनही मग ते फळापर्यंत पोचत नाही. बुंध्याशी पेंढा किंवा पातेरा चार बोटे जाड पसरा. ओल टिकते, आणि मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत, त्यामुळे करपा, म्हणजे पानांवर डाग पडून ती वाळण्याचा रोगही कमी येतो. पहिल्या घोसाखालची पाने टप्प्याटप्प्याने काढून टाका. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मार्चपासून मचूळ होते, ते टोमॅटोला देऊ नका.

करप्यासाठी बोर्डो मिश्रण सुपारीवाल्यांच्या घरी असतेच. सुपारीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगाला आपण एक टक्क्याचे वापरतो, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. टोमॅटोवर त्याच्या निम्मे करा. विळ्याचे स्वच्छ पाते मिश्रणात बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी बांधाला झेंडू आणि कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे. पानांत नागमोडी रेषा काढणारी टुटा अळी २०१४ पासून महाराष्ट्रात आहे, तिचे सापळे वेगळे मिळतात.

ज्यांच्याकडे खाचर नाही, परसच आहे, त्यांनी कलम बांधावे. रानवांग्याच्या रोपावर टोमॅटोचा शेंडा चढतो, आणि मुळे वांग्याची असल्याने मर लागायची शक्यता बरीच घटते. कोय कलम बांधणाऱ्या हाताला हे काम अवघड नाही, फक्त खोड काडेपेटीतल्या काडीएवढे बारीक असते. रानवांगे सावकाश वाढते, म्हणून ते बरेच आधी पेरा. कलम बांधल्यावर आठवडाभर प्लॅस्टिकखाली, सावलीत, ओलसर ठेवा. आणि ज्यांना टोमॅटोवर घर चालवायचे आहे त्यांनी बहुतांश शेतात बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक लावावा. मर, पर्णगुच्छ आणि करपा, तिन्हींना तो दाद देत नाही. गुलाबीच्या दोन ओळी पुरेत.

गुलाबीचे मोल चवीचे आहे. आतला गर लालच असतो. साधारण टोमॅटोच्या सालीत पिवळे रंगद्रव्य असते, याची साल बिनरंगी, म्हणून फळ गुलाबी दिसते. फळ मांसल, गोडसर, बिया थोड्या. सारात आंबटपणासाठी आपल्याकडे आमसूल आहेच, हा कापून मिठाबरोबर खायचा. साल पातळ असल्याने वाशीच्या बाजारापर्यंत धड पोचत नाही. जवळचे निवास-न्याहारीवाले आणि खानावळी गाठा, डिसेंबर-जानेवारीत पर्यटक असतात तेव्हाच फळ येते.

लाल-गुलाबी होईपर्यंत झाडावर ठेवाल तर ते वांदरांचे. बुडाशी पहिली गुलाबी झाक दिसली की देठासकट काढा आणि आंब्याची अढी घालतो तशी पेंढ्यात एकेरी थरात, सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत रंग भरतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, चव मरते.

बियाणे संकरित नसेल तर बी घरचे धरता येते. मर न आलेल्या ओळीतले दुसऱ्या-तिसऱ्या घोसाचे फळ झाडावरच पूर्ण पिकवा, त्यावर कापडी पिशवी बांधून. गर बियांसकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, मग धुऊन सावलीत ताटलीवर वाळवा. कागदावर वाळवले तर चिकटून बसते. पुढे चार महिन्यांचा पाऊस आहे, म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत तळाला तव्यावर कोरडे भाजून थंड केलेले तांदूळ घाला, वर कापडात बांधलेले बी ठेवा, आणि सप्टेंबरच्या पेरणीपर्यंत झाकण उघडू नका.