पाकिटातलं बियाणं खरंच बीटी आहे का, घरीच कसं तपासायचं

बीटी म्हणजे अळी मारणारा जीन घातलेलं पीक, आपल्याकडे कापूस. मे महिना लागला की आमच्याकडे चोर बीटीची, म्हणजे परवानगी नसलेल्या तणनाशकवाल्या बीटी कापसाची पाकिटं फिरायला लागतात, वर ना कंपनीचं नाव ना लॉट नंबर, विकणारा म्हणतो तणनाशक मारा बिनधास्त, पऱ्हाटीला (कापसाच्या झाडाला) काही होत नाही. आम्हीही एका वर्षी दोन एकर लावलं होतं. ग्लायफोसेट मारलं आणि आठ-दहा दिवसांत तणासोबत दर चार झाडांमागे एखादं झाड पिवळं पडून वाळलं, अख्ख्या तासात खांडण्या पडल्या. तेव्हापासून मी तपासल्याशिवाय काही लावत नाही.

तर पाकिटातल्या वीसेक बिया कुंडीत लावा, प्रत्येक रोपाला नंबर द्या. दोन पानं आली की स्ट्रिप टेस्ट करायची, म्हणजे पानाच्या रसात कागदी पट्टी बुडवून रेघ बघायची. किट लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, पण घेताना विचारून घ्या, कारण अळी मारणाऱ्या जीनची म्हणजे क्राय१एसी आणि क्राय२एबीची स्ट्रिप वेगळी आणि तणनाशक सोसणाऱ्या जीनची वेगळी. छोट्या ट्यूबचं झाकण पानावर दाबलं की गोल तुकडा कापला जातो, तो ट्यूबमध्येच दांडीने चांगला हिरवागार रस होईपर्यंत चेचा, किटच्या कागदावर लिहिलंय तेवढं बफर (किटमधलं द्रावण) टाका, स्ट्रिप उभी बुडवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. वरची कंट्रोलची रेघ आलीच पाहिजे, ती नसेल तर स्ट्रिपच खराब. खाली रेघ उमटली म्हणजे त्या जीनचं प्रोटीन पानात आहे. प्रत्येक रोपाला नवी ट्यूब, नवी दांडी. एकाचा रस दुसऱ्याला लागला की सगळंच पॉझिटिव्ह दिसतं आणि आपण खुश होतो, हे फार जणांचं होतं.

सगळी पानं एकत्र चेचू नका, हे तर मुद्दाम सांगतो. चोर बीटीत बरेचदा हायब्रीडच्या सरकीचंच पुढच्या पिढीचं बियाणं असतं आणि त्यात जीन विखुरतो, साधारण चारातल्या एका बीत तो येतच नाही. आमची वाळलेली झाडं तीच असणार. एकेक रोप तपासलं तरच हे दिसतं.

स्ट्रिप प्रोटीन बघते, डीएनए नाही. डीएनएच बघायचा तर लॅबमध्ये पीसीआर. त्यात नमुना साधारण ९५ अंशाला तापवून डीएनएच्या दोन साखळ्या सुट्या करतात, थंड करून हव्या त्या जीनचे प्राइमर (डीएनएचे छोटे तुकडे) चिकटवतात, ७२ अंशाला नवी साखळी बनते, आणि असं ३० वेळा केलं की एकाच्या १०० कोटींवर प्रती होतात, म्हणून थोडीशी भेसळही लपत नाही.

आता रेघ आली म्हणजे अळी येणारच नाही असं समजू नका. २००२ ला एक जीनवाली बीटी आली, २००६ ला दोन जीनवाली, आणि गुलाबी बोंडअळीने दोन्ही पचवल्या, २०१७ ला तिने कापसाचं किती नुकसान केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून भोवती लावायच्या नॉन-बीटीच्या ओळी कोणी लावल्या नाहीत, ते वेगळं पाकीट बांधावर फेकून दिलं, फरदड (वेचणी झाल्यावरही शेतात ठेवलेलं कापसाचं पीक) मार्च-एप्रिलपर्यंत ठेवली, अळीला वर्षभर घर मिळालं. म्हणून फुलं लागली की सकाळी तासातून चालत डोमकळ्या शोधा, न उमललेलं, गुलाबासारखं मिटलेलं फूल दिसलं की तोडून फोडा, आत बारीक अळी असते. ती नष्टच करा, बांधावर टाकू नका.

जीएमच्या (जीन बदललेल्या पिकांच्या) वादात मला विचाराल तर मी जीनच्या विरोधात नाही, बिननावाच्या पाकिटाच्या विरोधात आहे. तणनाशकवाल्या बीटीला आपल्याकडे परवानगी नाही, २०१९ ला अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने उघडपणे लावून सत्याग्रह केला, त्यांची मागणी मला पटते, पण चोरून विकणाऱ्याला बिल नको, लॉट नको, बियाणं फसलं तर तक्रार कोणावर करायची? आणि सगळं एकाच टोपलीत टाकू नका. बीटी वांगं २०१० पासून थांबलंय, ते खायचं पीक. २०२५ ला जाहीर झालेले जीनोम एडिटिंगचे दोन भात वेगळे, त्यात बाहेरचा जीन राहत नाही, भाताच्याच जीनमध्ये बदल केलाय. विरोध करा नाहीतर पाठिंबा द्या, आधी कुठला जीन, कुठलं पीक ते विचारा.

टेस्ट झाली की स्ट्रिपचा लगेच फोटो काढा, नंतर रेघेचा भरवसा नाही. बिल, रिकामं पाकीट आणि मूठभर बियाणं एका पिशवीत बांधून कापूस विकेपर्यंत जपून ठेवा, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायची वेळ आली तर पहिले हेच मागतात.