क्लिकला हात लावण्याआधी: फॉर्म्युला स्टुडंट गाडीचं सस्पेन्शन लावताना

फॉर्म्युला भारत म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. तिच्या टीममध्ये पहिल्यांदाच सस्पेन्शनचं काम अंगावर आलेल्यांसाठी हे लिहितोय. डबल विशबोन, पुशरॉड, कॅम्बर, टो हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. गाडी चाकांवर उभी आहे आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला, स्पर्धेच्या ट्रॅकवर, जायला महिनाभर उरलाय, तिथून सुरुवात करू.

डॅम्परच्या (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळकांड्याच्या) क्लिकला, म्हणजे त्याचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबच्या खटक्याला, हात लावण्याआधी एक गोष्ट मोजा: गाडी दाबून सोडली की त्याच उंचीवर परत येते का? हे न मोजल्यामुळे टीमच्या आठवडेच्या आठवडे रात्री वाया जातात आणि दोष स्प्रिंगवर, टायरवर, शेवटी ड्रायव्हरवर जातो.

मोजायचं असं. सीटमध्ये ड्रायव्हर बसवा, नाहीतर ६८ किलो वाळूची पोती ठेवा. टायरमध्ये ठरलेली हवा. अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक काढून ठेवा. नाकावर हाताने दाब द्या, अगदी हळू सोडा आणि पुढच्या बल्कहेडखालची (चॅसीच्या पुढच्या चौकटीखालची) उंची मोजा. आता तेच नाक वर उचला, तितक्याच हळू सोडा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. एक मिमीचा फरक चालेल. चार मिमी आला तर थांबा, सस्पेन्शन कुठेतरी घर्षणाने अडतंय.

चार मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून हिशोब करून दाखवतो. २३० किलोची गाडी, ६८ किलोचा ड्रायव्हर, व्हील रेट (चाकाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा) साधारण २२ न्यूटन प्रति मिमी. पुढची दोन चाकं मिळून ४४. चार मिमीचा पट्टा म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे दोन मिमी, म्हणजे ८८ न्यूटन, जवळपास ९ किलो. इतकं वजन पुढच्या ॲक्सलमध्ये नुसतं घर्षणाने धरून ठेवलेलं आहे. गाडी जॅकवरून कशी उतरली यावर वजनकाट्यावरचा आकडा बदलणार, आणि तुम्ही मात्र कॉर्नर वेट (एकेका चाकावरचं वजन) जुळवायला अर्ध्या किलोसाठी स्प्रिंगचा कॉलर फिरवत बसणार. ट्रॅकवर हीच गाडी छोट्या हालचालीला सस्पेन्शन नसल्यासारखी वागते आणि जोर वाढला की एकदम सुटते. लो-स्पीड कम्प्रेशनच्या (डॅम्पर हळू दबताना होणाऱ्या विरोधाच्या) एका क्लिकने पडणारा फरक या घर्षणाखाली बुडून जातो. ड्रायव्हर म्हणतो, काहीच कळलं नाही. तो खरंच सांगत असतो.

घर्षण करणारा चोर शोधायचा तर चाक हवेत घ्या, स्प्रिंग काढा, अपराइट (चाक ज्यावर बसतं तो भाग) हाताने वर-खाली करा. नियमाप्रमाणे ड्रायव्हर बसलेला असताना चाकाला किमान ५० मिमी हालचाल लागते, त्यात २५ मिमी वरच्या दिशेने. तेवढ्या पूर्ण पट्ट्यात चाक सहज फिरायला हवं. अडत असेल तर आधी डॅम्पर सोडा, मग रॉकरकडून (पुशरॉडची हालचाल डॅम्परकडे वळवणाऱ्या तुकड्याकडून) पुशरॉड. जे सोडल्यावर मोकळं झालं, चोर तिथेच.

बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतो. पहिलं, पुशरॉडचे जॅम नट (लांबी पक्की करणारे नट). नट आवळताना रॉड एंड (टोकाचा गोल सांधा) नटाबरोबर फिरून एका बाजूला टेकतो. नट घट्ट झाल्यावर पुशरॉड मुठीत धरून पिळून बघा. दोन्ही बाजूंना सारखाच थोडा डुलला पाहिजे. एकीकडे लगेच ठक्क लागला तर नट सोडून पुन्हा. दुसरं, रॉकरचा बोल्ट. बेअरिंगमधला स्पेसर ०.३ मिमीनेही तोकडा असला तर बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटचे कान आत वाकून रॉकरला चिमटा काढतात. बोल्टने स्पेसर आणि बेअरिंगची आतली रिंग दाबायची, रॉकर नाही. तिसरं, वेल्डिंगने ओढलं गेलेलं डॅम्परचं माउंट. पुशरॉड, रॉकर आणि डॅम्पर एका प्रतलात नसले की डॅम्परच्या दांड्यावर बाजूने जोर येतो. यावर शिम (पातळ चकती) लावून भागतं, पण कधीकधी माउंट कापून नव्यानेच लावावं लागतं. जिवावर येतं, तरी कापा.

बोल्ट थोडा सैल ठेवून चाक मोकळं करायचा शॉर्टकट कोणी सुचवेल. ऐकू नका. चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं की कळणारा खेळ हा थेट टोमधला खेळ असतो, आणि ब्रेक दाबल्यावर ती गाडी कुठे वळेल सांगता येत नाही. शिवाय बोल्ट सुटण्याचा धोका वेगळाच.

आता वजनकाटे. फरशी सपाट दिसते म्हणून सपाट नसते. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल पाइप आणा आणि चारही काट्यांचे माथे एका पातळीत करा, खाली पत्र्याचे तुकडे सारून. वरच्या हिशोबातल्या गाडीत एक चाक ५ मिमी वर राहिलं तर प्रत्येक काट्यावर अडीच-पावणेतीन किलोचा फरक येतो आणि क्रॉस वेट (कोपऱ्याला कोपरा असलेल्या दोन चाकांवरचा वजनाचा वाटा) जवळपास २ टक्क्यांनी सरकतं. शिवाय जॅकवरून उतरताना टायर बाहेर सरकू बघतो आणि काट्याला चिकटून बसतो. टायरखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवा. ते नसतील तर गाडी खाली ढकलून मागेपुढे करा आणि पुन्हा चढवा. तीनदा उतरवून तीनदा तेच आकडे आले, तरच लिहून घ्या. क्रॉस ५० टक्क्यांच्या अर्धा टक्का इकडेतिकडे आलं की पुढे सरका, ते पुरेसं आहे.

उंची पुशरॉडने बदलत असाल तर एम-८ च्या १.२५ पिचला, एका टोकाला उलटे आटे असताना, एक पूर्ण फेरा म्हणजे २.५ मिमी लांबी. उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही पुन्हा मोजा. ६०० मिमीची सरळ ॲल्युमिनियम चॅनल रिमला टेकवली तर १ अंश टो म्हणजे तिच्या दोन टोकांच्या मापात १०.५ मिमीचा फरक. सुरुवातीला पुढे थोडा टो-आउट, मागे शून्य किंवा किंचित टो-इन, कॅम्बर पुढे उणे दीड ते दोन अंश, मागे उणे एक. इथून कोणतीही गाडी चालवता येते.

स्प्रिंगच्या हिशोबात मोशन रेशो उलटा धरण्याची चूक फार होते. मोशन रेशो म्हणजे स्प्रिंगची हालचाल भागिले चाकाची हालचाल, आणि स्प्रिंगच्या कडकपणाला त्याच्या वर्गाने गुणायचं. २०० पौंड प्रति इंचाची स्प्रिंग म्हणजे ३५ न्यूटन प्रति मिमी, रेशो ०.८ असेल तर चाकाशी २२.४. उलटा धरलात तर ५४.७ येतं आणि भलतीच स्प्रिंग मागवली जाते. सीएडीवर (संगणकावरच्या ड्रॉइंगवर) विसंबू नका, चाक १० मिमी उचलून डॅम्पर किती दबला ते कॅलिपरने मोजा.

सीनियरची जुनी सेटअप शीट उतरवून घेऊ नका. ती त्यांच्या टायरची, त्यांच्या वजनाची होती. सीनियरना आकडा विचारण्यापेक्षा तो आकडा कसा काढला ते विचारा. ज्याला सांगता येत नाही त्याचा आकडा सोडून द्या. रॉकर बोअर करणारे लेथवाले काका बेअरिंगच्या फिटबद्दल जे सांगतात ते मात्र वहीत लिहा.

एवढं झालं की ट्रॅकवरचं काम खूपच सोपं होतं, घाबरू नका. स्किडपॅड (गोल फिरून पकड तपासायचा आठाच्या आकाराचा मार्ग) आखा: आतलं वर्तुळ १५.२५ मीटर व्यासाचं, बाहेरचं २१.२५. मधल्या रेषेवर ५.३ सेकंदांचा फेरा म्हणजे साधारण १.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.३ पट बाजूचा जोर). उजवं वर्तुळ ५.३ आणि डावं ५.६ आलं तर अँटी-रोल बारकडे जाऊ नका, आधी क्रॉस वेट आणि घर्षण पुन्हा बघा. दोन्हीकडे सारखंच अंडरस्टिअर असेल (स्टिअरिंग वळवूनही नाक बाहेर जात असेल) तर पुढचा बार मऊ करा. डिफरन्शियल लॉक असलेल्या (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणाऱ्या) गाडीतलं अंडरस्टिअर मात्र बारने पूर्ण जाणार नाही.

क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजा, बंद करताना जोर लावू नका. एका वेळी एकच बदल, तोही चार क्लिकचा, म्हणजे ड्रायव्हरला जाणवेल. मग जुन्या जागी परत या आणि वेळ पुन्हा घ्या. जुना वेळ परत मिळाला नाही तर टायर किंवा डांबर बदललंय, तो फरक तुमच्या क्लिकचा नाही. हवा गरम टायरवर मोजा, थंड १० पीएसआय भरलेली सत्रात दोनेक पीएसआय चढते. सकाळी गार डांबरावर लावलेली हवा दुपारी तशीच ठेवू नका.

स्पर्धेच्या दिवशी हात लावायचा तो फक्त हवेला आणि बारच्या भोकांना (लिंक कुठल्या भोकात लावली यावर बार मऊ-कडक होतो). बाकी प्रत्येक जॅम नटावर आदल्या रात्री पेंट मार्करची रेघ ओढून ठेवा आणि प्रत्येक इव्हेंटनंतर रेघा सरळ आहेत का ते बॅटरी मारून बघा.