अनेक शाळांचं एक संगीत नाटक : तालमीतल्या या चुका टाळा

प्रत्येक शाळेची तालीम आपापल्या जागी चोख झालेली असते, आणि पहिल्याच एकत्र तालमीत समूहगीत तिसऱ्या ओळीला फाटतं. मुलं कमी पडलेली नसतात. लय, पट्टी, डावं-उजवं, रंगमंचाची रुंदी, सगळ्याची मापं प्रत्येकाने वेगळी धरलेली असतात.

सर्वांत मोठा घोळ ट्रॅकचा, म्हणजे गाण्यामागे वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित संगीताचा. एका शाळेकडे जुना ट्रॅक, दुसरीकडे सुधारलेला, तिसरीकडे थेट हार्मोनियम. ट्रॅक आणि पेटी दोन्हींची पट्टी 'काळी दोन'च असली तरी जुनी पेटी ट्रॅकपेक्षा किंचित उतरलेली किंवा चढलेली असू शकते, आणि कान त्याच स्वराला सरावतात. म्हणून ट्रॅक एकाच व्यक्तीने पाठवावा. फाइलच्या नावात गाण्याचा क्रमांक, पट्टी, लय आणि तारीख असावी. नवा आला की जुना सगळ्यांकडून डिलीट करून घ्या. सुरुवातीला चार मोकळे ठोके हवेतच, नाहीतर पहिला शब्द प्रत्येक शाळा वेगळ्या क्षणी उचलते. शिकवताना ८० टक्के वेग ठीक. शेवटचे दोन आठवडे मात्र फक्त मूळ लय.

वयात येणाऱ्या मुलांचा आवाज तालमींच्या काळातच फुटू शकतो. ट्रॅक करण्याआधी आणि पुन्हा प्रयोगाच्या सहा आठवडे आधी पट्टी तपासा, तीही तालमीच्या शेवटी, गळा दमलेला असताना. तेव्हा जो वरचा स्वर सहज लागतो तोच खरा.

व्हिडिओ कॉलवर एकत्र गाण्याचा प्रयत्न करू नका. आवाज उशिरा पोहोचतो, प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो आणि लय ढासळत जाते. कॉल संवादवाचनासाठी ठेवा.

आता नाच. नृत्यदिग्दर्शक सेल्फी कॅमेऱ्यासमोर स्टेप्स करून पाठवतात. काही फोन ते चित्र आरशासारखं उलटं साठवतात, काही नाही. एक शाळा उजवीकडे गिरकी घ्यायला शिकते, दुसरी डावीकडे, आणि मध्यभागी मुलं एकमेकांवर आदळतात. उपाय सोपा आहे : मागच्या कॅमेऱ्याने, नाचणाऱ्याच्या पाठीमागून चित्रीकरण करा आणि उजव्या मनगटाला लाल फडकं बांधा. फडकं पडद्यावर डाव्या बाजूला दिसलं, तर व्हिडिओ उलटा झाला आहे. 'उजवा' म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचा उजवा, हे सर्व शाळांनी पहिल्या दिवशीच ठरवावं.

जागेसाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला अंकपट्टी लावा : मध्यभागी ०, मग दोन्ही बाजूंना दर २ फुटांवर २, ४, ६. प्रत्येक शाळेने हीच मापं आपल्या सभागृहात टेपने आखावीत. सभागृह लहान असेल तर सगळं आक्रसून बसवू नका. अर्धा रंगमंच खऱ्या मापात आखा आणि तेवढाच भाग बसवा.

प्रत्येक शाळा आपापले कॉर्डलेस माइक आणते, ही चूक तर रंगीत तालमीपर्यंत लपून राहते. एकेकटा माइक उत्तम चालतो, सगळे एकदम सुरू केले की खरखर. कारण दोन फ्रिक्वेन्सींच्या मिश्रणातून तिसरी तयार होते : ६०० आणि ६०१ मेगाहर्ट्झ एकत्र चालू असतील तर ६०२ वरही अडथळा येतो. म्हणजे समान अंतराच्या फ्रिक्वेन्सींवर लावलेले माइक हमखास भांडणार. सर्व सेटच्या फ्रिक्वेन्सी एकाच ध्वनितंत्रज्ञाने ठरवाव्यात, आणि चाचणी सगळे माइक चालू ठेवून, रंगमंचावर फिरतच घ्यावी. बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाला नव्या.

मागे उभ्या कोरसला ट्रॅक पुढच्या स्पीकरवरून ऐकावा लागला तर तोही ओढत गातो. १० मीटरला आवाजाला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. विंगेत मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर, ठेवा.

मुख्य भूमिकेचा बदली नट दुसऱ्या शाळेतला निवडा. परीक्षा आली किंवा बस अडली की एका शाळेची सगळीच मुलं एकदम गैरहजर असतात.

पहिल्या एकत्र तालमीत अख्खं नाटक काढायचा मोह होतोच. आधीचा तासभर फक्त प्रवेश-निर्गमनं करून घ्या : कोण कुठल्या विंगेतून, कोणाच्या मागे, हातात काय.