दुबईत व्हीपीएन वापरण्यापूर्वी

संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएनचा (इंटरनेटवरील आपला खरा पत्ता झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्फत जोडणी देणाऱ्या सेवेचा) वापर मुळातच गुन्हा ठरत नाही. मात्र २०२१ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यातील कलम १० नुसार, गुन्हा करण्यासाठी किंवा तो उघडकीस येऊ नये म्हणून आयपी पत्ता (इंटरनेटवर आपले उपकरण ओळखणारा क्रमांक) लपवल्यास कैद, ५ लाख ते २० लाख दिरहम दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून आधी स्वतःचा हेतू तपासावा. कार्यालयाने अंतर्गत नेटवर्कसाठी दिलेले व्हीपीएन कामापुरतेच वापरावे. गावी आईवडिलांशी बोलण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप कॉलवरील निर्बंध व्हीपीएनने ओलांडणे निरुपद्रवी वाटते, आणि ती ओढ समजण्यासारखीच आहे, तरी तो मार्ग जोखमीचा आहे. त्याऐवजी बोटिमसारखे परवानगी असलेले अ‍ॅप त्यांच्या फोनवर निघण्यापूर्वीच बसवून, वापरायला शिकवावे.