फिनिशमध्ये ‘वाटेत आहे’ कसं म्हणायचं: ‘मात्काल्ला’ची नीट ओळख

ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ‘वाटेत आहे, रबाळे सोडलं’ टाइप करणं सगळ्यांना जमतं. ऐरोली-महापेला बसून फिनलंडच्या टीमबरोबर काम करत असाल, किंवा शिकायला तिकडे जायचं ठरत असेल, तर हेच वाक्य फिनिशमध्ये लागतं. त्यासाठी रोजच्या वापरातला शब्द आहे ‘मात्काल्ला’. रोमन लिपीत आठ अक्षरं: एम, ए, टी, के, ए, एल, एल, ए.

आधी उच्चार. ‘मात्का’ म्हणजे प्रवास किंवा अंतर. रोमनमध्ये वाचला की आपल्या तोंडी ‘मटका’ येतो, मग तो माठ असो नाहीतर आकड्यांचा. दोन्ही टाळा. फिनिश ‘टी’ हा आपला ‘त’ आहे, ‘ट’ नव्हे. ‘मा’मधला स्वर ‘आ’चाच, पण आखूड. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. ‘ल्ल’ मात्र ‘गल्ली’त थांबता तसा थांबूनच म्हणायचा, कारण फिनिशमध्ये एकेरी आणि दुहेरी व्यंजनाने शब्द बदलतो. या लेखात दीर्घ स्वर दाखवायला अक्षर दोनदा लिहिलं आहे (‘आआ’, ‘एए’). ‘ई’ आणि ‘ऊ’ दीर्घच वाचा. दोन टिंबांचा ‘ए’ म्हणजे आपला ‘बॅट’मधला ‘ॲ’, तो मराठी माणसाला फुकटात येतो. दोन टिंबांच्या ‘ओ’साठी ओठ ‘ओ’सारखे गोल करून ‘ए’ म्हणा.

रचना सोपी आहे. ‘वाट’ला प्रत्यय लागून ‘वाटेत’ होतं, तसंच ‘मात्का’ला ‘ल्ला’ लागून ‘मात्काल्ला’. पुढे ‘असणे’ क्रियापद: ‘ओलेन मात्काल्ला’ म्हणजे मी वाटेत आहे. ‘ओलेत’ तू, ‘ओन’ तो किंवा ती, ‘ओलेम्मे’ आम्ही, ‘ओलेत्ते’ तुम्ही, ‘ओवात’ ते. बोलताना बरेच लोक ‘मॅ ओओन मात्काल्ला’ म्हणतात. चॅटमध्येही तेच दिसेल. निघालास का, असं विचारायचं तर ‘ओलेत्को यो मात्काल्ला?’ (‘यो’ म्हणजे ‘आधीच’, लिहिताना जे आणि ओ). अजून निघालो नाही: ‘एन ओले विएलॅ मात्काल्ला’.

इथपर्यंत कुणी चुकत नाही. चूक होते ती ‘कुठे’ सांगताना, आणि तिचं मूळ मराठीत आहे. आपण ‘मी ठाण्याला राहतो’ म्हणतो आणि ‘मी ठाण्याला चाललोय’ही म्हणतो. ‘घरी आहे’, ‘घरी निघालोय’. ‘शाळेत आहे’, ‘शाळेत जातेय’. ठिकाणी असणं आणि ठिकाणाकडे जाणं, दोन्हींना एकच रूप. फरक क्रियापद सांभाळतं. फिनिश हे खपवून घेत नाही. तिथे जागेवर असण्याचं रूप वेगळं आणि तिकडे जाण्याचं वेगळं, आणि ‘मात्काल्ला’नंतर येणाऱ्या मुक्कामाला नेहमी जाण्याचंच रूप लागतं.

तीन जोड्या पाठ केल्या तर बरंचसं काम होतं. घरी असणं ‘कोतोना’, घराकडे ‘कोतीन’. स्टेशनवर असणं ‘आसेमाल्ला’, स्टेशनकडे ‘आसेमाल्ले’. शाळेत असणं ‘कोउलुस्सा’, शाळेकडे ‘कोउलून’. म्हणून ‘ओलेन मात्काल्ला कोतीन’, ‘ओलेन मात्काल्ला आसेमाल्ले’. मराठी कानाला ‘ला’ म्हणजे ‘कडे’ वाटतं, त्यामुळे हमखास ‘मात्काल्ला आसेमाल्ला’ असं निघून जातं. दोन्हीकडे ‘ल्ला’ आल्यावर यमकही छान जुळतं. पण ‘ल्ला’ म्हणजे तिथे, ‘ल्ले’ म्हणजे तिकडे. वाक्यात पहिलं ‘ल्ला’, दुसरं ‘ल्ले’, हे डोक्यात घट्ट बसवा. कामावर निघालात तर ‘मात्काल्ला तोइहिन’ (‘तो’वर दोन टिंबं).

गावांच्या नावांत आणखी एक फाटा फुटतो. काही फिनिश गावं ‘ल्ले’ घेतात, काही स्वर लांबवून ‘न’ घेतात: ‘ताम्पेरेएल्ले’, ‘वान्ताआल्ले’, ‘रोवानिएमेल्ले’, पण ‘हेल्सिंकीन’, ‘तुर्कून’, ‘ओउलून’, ‘लाह्तेएन’. नियम शोधण्यात वेळ घालवू नका, नावाबरोबरच रूप पाठ करा. आपल्याला तरी ‘पुण्याला’ आणि ‘मुंबईत’ कुणी नियमाने शिकवलं?

परदेशी शहरांचं मात्र सरळ आहे, बहुतेक सगळी दुसऱ्या गटात जातात. नाव स्वरावर संपलं तर तो स्वर दुप्पट करून ‘न’: ठाण्याकडे ‘ठाणेएन’, वाशीकडे ‘वाशीन’, ऐरोलीकडे ‘ऐरोलीन’. रोमनमध्ये शेवटचा ‘ई’ किंवा ‘आय’ दोनदा आणि मग ‘एन’. व्यंजनावर संपलं तर ‘ईन’ जोडा: ‘पनवेलीन’, ‘दादरीन’. मुंबईचं रोमन स्पेलिंग जोडस्वरावर संपतं, तिथे मध्ये ‘ह’ येतो: ‘मुंबाइहिन’, आणि नवी मुंबईला ‘नवी मुंबाइहिन’. ठाणे स्टेशनकडे म्हणायचं तर ‘ठाणेन आसेमाल्ले’. इथला ‘न’ हा आपला ‘चा-ची-चे’.

आता शेजारचे शब्द. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक कारण म्हणून हाताशी असल्याने आपल्याकडे चप्पल शोधत असतानाही ‘निघालोच’ म्हणता येतं. फिनिशमध्ये या पायऱ्यांना वेगवेगळे शब्द आहेत. दाराशी असाल तर ‘ओलेन लॅहदोस्सॅ’ (निघतोय, ‘दो’वर दोन टिंबं). ‘ओलेन मेनोस्सा काउप्पाआन’ म्हणजे दुकानात चाललोय. यात अजून पाऊल न उचललेलंही चालतं. समोरच्याकडेच येत असाल तर ‘ओलेन तुलोस्सा’, आपलं ‘येतोय’. ‘मात्काल्ला’ म्हटलं की तुम्ही खरोखर रस्त्याला लागलेले असता.

‘रस्त्यात आहे’चं शब्दशः भाषांतर करायला जाऊ नका. रस्ता म्हणजे ‘तिए’, म्हणून ‘ओलेन तिएल्लॅ’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला पहिल्यांदा ‘मी मध्ये आडवा उभा आहे’ असं वाटेल. ‘ओलेन्को तिएल्लॅ?’ हा प्रश्न मात्र कामाचा आहे: मी मध्ये येतोय का?

‘वाटेत मेडिकल लागतं’ यातलं ‘वाटेत’ही वेगळं. वाटेच्या कडेला स्थिर असलेल्या गोष्टीला ‘मात्कान वार्रेल्ला’ वापरा: ‘मात्कान वार्रेल्ला ओन आप्तेएक्कि’. पण वाटेत तुम्ही काही करणार असाल तर पुन्हा आपला शब्द: ‘हाएन मात्काल्ला माइतोआ’, वाटेत दूध घेतो.

नुसतं ‘ओलेन मात्काल्ला’ लिहिण्यात एक गोची आहे. त्याचा अर्थ ‘प्रवासाला गेलोय’ असाही होतो. बाहेरगावी आहे, हे सांगायचं तर अनेकवचनी ‘मात्कोइल्ला’ अधिक स्पष्ट. तसंच ‘त्युओमात्काल्ला’ (‘ओ’वर दोन टिंबं) म्हटलं की आधी कंपनीच्या कामाचा दौरा डोळ्यांसमोर येतो. रोजच्या लोकलसाठी ते नको, ‘मात्काल्ला तोइहिन’च ठेवा. परत येताना ‘पालूमात्काल्ला’, घरी परतताना ‘कोतिमात्काल्ला’.

कुणाच्या घरी निघालात तर आपण ‘तुमच्याकडे’ म्हणतो, ते ‘तेइल्ले’: ‘ओलेन मात्काल्ला तेइल्ले’. वस्तूंनाही हा शब्द चालतो: ‘पाकेत्ति ओन मात्काल्ला’, पार्सल निघालंय. बाळाची चाहूल असेल तिथे मात्र ‘तुलोस्सा’.

मेसेजमध्ये वेळ जोडा, नाहीतर पुढचा प्रश्न येणारच. ‘ओलेन पेरिल्लॅ वीदेन मिनूतिन पॅॲस्तॅ’ म्हणजे पाच मिनिटांत पोचतो. पाव तासाला ‘वार्तिन पॅॲस्तॅ’, अर्ध्या तासाला ‘पुओलेन तुन्निन पॅॲस्तॅ’. आणि घड्याळ बघून पाठवा: फिनलंड आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकली की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत अडीच तास. ठाण्यात दुपारचे बारा वाजतात तेव्हा जानेवारीत तिकडे साडेआठ झालेले असतात, म्हणजे त्या वेळी ‘मात्काल्ला तोइहिन’ बहुधा समोरचाच असतो. पोचल्यावर दोनच शब्द: ‘ओलेन पेरिल्लॅ’.