ओव्हल मैदानाचा परिसर पाहताना

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडल्यावर काही मिनिटांतच ओव्हल मैदान लागते. मैदानाच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकातील दगडी गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच शिखरांच्या शैलीतील इमारती, तर पश्चिमेला बॅक बे या उपसागरात भराव घातल्यानंतर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको, म्हणजे १९३०च्या सुमारास रूढ झालेल्या भौमितिक सजावटीच्या शैलीतील इमारती आहेत. या परिसरातील ९४ इमारतींचा समूह युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट केला.

दोन्ही रांगा एकाच फेरीत उरकू नयेत. पश्चिमेकडील इमारतींची तोंडे पूर्वेला असल्यामुळे त्यांचे सज्जे, गोलाकार कोपरे आणि खिडक्यांवरील छज्जे सकाळच्या उन्हात उठून दिसतात. त्यासाठी महर्षी कर्वे मार्गावरून सावकाश चालावे आणि प्रवेशद्वारांवरील नावांची अक्षरेही पाहावीत, कारण ती अक्षरे त्या काळच्या सजावटीचाच भाग आहेत. मात्र यांतील बहुतेक इमारतींमध्ये कुटुंबे राहतात, म्हणून पदपथावरूनच पाहणे योग्य. रांगेच्या उत्तर टोकाला, स्थानकासमोर, १९३८ मध्ये सुरू झालेले इरॉस चित्रपटगृह आहे.

दुपार कलली, की मैदानाच्या मध्यावर यावे आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. आता ऊन मुंबई विद्यापीठाच्या आणि उच्च न्यायालयाच्या दर्शनी भागांवर असते. १८७८ मध्ये पूर्ण झालेला सुमारे ८५ मीटर उंचीचा विद्यापीठाचा राजाबाई मनोरा व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. त्याचे आराखडे करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत, तरी मनोऱ्यावर पश्चिम भारतातील विविध समाजांच्या लोकांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. त्या नीट दिसाव्यात म्हणून दुर्बीण जवळ ठेवावी. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या उच्च न्यायालयाच्या शिखरांवर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत, तेही दुर्बिणीतूनच न्याहाळावेत.

मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये अशी आणखी एक गोष्ट म्हणजे रस्त्यांची नावे. पश्चिमेचा रस्ता महर्षी कर्वे यांच्या नावाचा आणि पूर्वेचा कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाचा आहे. विद्यापीठाच्या दारातून जाणाऱ्या रस्त्याला कर्मवीरांचे नाव असणे मला विशेष शोभून दिसते.

मैदानात सावली जवळजवळ नाही आणि पावसाळ्यात चिखल होतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. चेंडू कोणत्या बाजूने येईल याचा नेम नसतो, म्हणून सामने चालू असताना मधल्या पायवाटेवरूनच मैदान ओलांडावे.